डॉलर घ्यायचेत की मोडायचेत? परकीय चलनाच्या काउंटरवर काय बोलायचं, कोणत्या क्रमानं

"ताई, डॉलरचा सेलिंग रेट सांगा."

"एक्याण्णव चाळीस."

"बरं, निघतोच."

दोन तासांनी पिंपळगाव बसवंतहून एक काका नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या आमच्या काउंटरला पोचले. बंडीच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं आणि मुलानं अमेरिकेहून आणलेले बाराशे डॉलर काचेखालून आत सरकवले. मी हिशोब केला तो अठ्ठ्याऐंशी साठनं. काका भडकले. "फोनवर एक्याण्णव चाळीस म्हणालात की!" म्हणाले होते, खरं आहे. पण त्यांनी विचारला सेलिंग, आणि सेलिंग म्हणजे आम्ही डॉलर विकतो तो रेट. त्यांना डॉलर द्यायचे होते. डॉलरमागे दोन रुपये ऐंशी पैसे, बाराशे डॉलरला ३,३६० रुपये. त्यांच्या खिशातून काही गेलं नव्हतं, पण मनात मोजून झालेले पैसे कमी झाले की माणूस लुटल्यासारखाच बघतो.

असा एखादा प्रसंग दर आठवड्याला घडतो. माणसं हुशार असतात, कांद्याच्या लिलावात पैशा-पैशाची घासाघीस करणारी असतात, पण इथले शब्द आणि क्रम चुकतो. म्हणून हे टप्प्याटप्प्यानं लिहिते आहे. डॉलर ९० रुपये धरला आहे, तो फक्त समजण्यापुरता. त्या दिवशीचा रेट त्या दिवशीच विचारा. आणि द्राक्षं-कांदा निर्यात करणाऱ्यांनी हे वाचून पुढचं ठरवू नये. त्यांचे पैसे बँकेतून येतात, त्यांची भाषा आणि कागद दोन्ही वेगळे.

## टप्पा १. आधी दिशा ठरवा

फोन उचलण्याआधी एक वाक्य तयार ठेवा: "माझ्याकडे अमुक आहे, मला तमुक हवंय."

"माझ्याकडे डॉलर आहेत, रुपये हवेत." किंवा "रुपये देणार, दिरहम हवेत." बस. बाईंग, सेलिंग, खरेदी, विक्री हे शब्द तुम्ही वापरूच नका. काउंटरच्या फलकावर ते असतात, पण ते दुकानाच्या बाजूनं लिहिलेले असतात. 'खरेदी दर' म्हणजे दुकान तुमच्याकडून परकीय नोटा घेतं तो, नेहमी कमी. 'विक्री दर' म्हणजे तुम्हाला देतं तो, नेहमी जास्त. मधला फरक ही दुकानाची कमाई. त्याला जुन्या पेढीवर वटाव म्हणत, हुंडी असेल तर हुंडणावळ. आता मार्जिन म्हणतात, पण कापला जातो खिसा तोच.

आपल्या बोलीतले शब्दही गडबड करतात. "डॉलर मोडायचेत" म्हणजे डॉलर देऊन रुपये घ्यायचेत, हे स्पष्ट आहे, बिनधास्त म्हणा. "डॉलर वटवायचेत" हेही चालतं. "डॉलर काढायचेत" म्हटलं की मात्र मला दरवेळी उलट विचारावं लागतं, कारण निम्मी माणसं ते घेण्यासाठी म्हणतात आणि निम्मी घरातले बाहेर काढण्यासाठी. "बदलायचेत" तर दोन्ही बाजूंनी लागू पडतं, म्हणून काहीच सांगत नाही.

तपासा: समोरच्यानं सांगितलेल्या रेटनं तुम्हाला काय मिळणार आणि काय द्यायचं, हे त्याच्याकडून एकदा उलट वदवून घ्या. "म्हणजे मी शंभर डॉलर दिले तर मला ८,८६० रुपये मिळणार, बरोबर?"

## टप्पा २. चलनाचं पूर्ण नाव, देशासकट

"रियालचा भाव काय?" कुठला? सौदीचा, कतारचा की ओमानचा? सौदी रियाल डॉलरला ३.७५ बसतात. ओमानी रियाल एकटाच २.६ डॉलरचा आहे. म्हणजे एक रियाल चोवीस रुपयांचा आणि दुसरा सव्वादोनशेच्या वर. गेल्या वर्षी मस्कतला निघालेल्या एका जोडप्यानं घरून सौदीच्या रेटनं बजेट मांडून आणलं होतं. ताईंनी माझा आकडा ऐकला, मग भाऊंकडे असं काही बघितलं की मी उगाच कॅल्क्युलेटर पुसायला घेतला.

डॉलर अमेरिकेचा, कॅनडाचा, ऑस्ट्रेलियाचा, सिंगापूरचा, हाँगकाँगचाही असतो. दिनार कुवेतचा, बहारीनचा, जॉर्डनचा. रुपया नेपाळचा, श्रीलंकेचा, मॉरिशसचा. इंडोनेशियाचा रुपिया, तो आणखी निराळा. काउंटरवर तीन अक्षरी खुणा वापरतात: अमेरिकी डॉलर यूएसडी, दुबईचा दिरहम एईडी, सौदी रियाल एसएआर, ओमानी रियाल ओएमआर. पाठ करायची गरज नाही, पण पावतीवर हीच अक्षरं छापून येतात, तेव्हा जाणार त्या देशाच्या चलनाची तीन अक्षरं घरीच कागदावर लिहून न्या.

सुट्ट्या नाण्यांचंही लक्षात ठेवा. आपल्याकडे रुपयाचे १०० पैसे, दिरहमचे १०० फिल्स, सौदी रियालचे १०० हलाला. पण ओमानी रियालचे १,००० बैसा आणि कुवेती दिनारचे १,००० फिल्स. ओमानमध्ये १०० बैशांची कागदी नोट आहे. तिच्यावर १०० बघून ती कुणी शंभर रियाल म्हणून तुमच्या हातात ठेवली, तर तुम्हाला मिळाला रियालचा दहावा हिस्सा.

सावध: नेपाळ-भूतानला जाताना इथून परकीय चलन मिळत नाही आणि लागतही नाही. नेपाळी रुपया आपल्या रुपयाशी १.६० ला बांधलेला आहे. १०० रुपयांपर्यंतच्या भारतीय नोटा न्यायला आपल्याकडून बंधन नाही. मोठ्या नोटांना २५,००० रुपयांची मर्यादा आहे.

## टप्पा ३. आकडा कानानं पकडा, मग कागदावर उतरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली गोष्ट, मराठी आकडे. एकोणऐंशी ७९, एकोणनव्वद ८९. अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याण्णव: फोनवर रिक्षाच्या आवाजात तिन्ही सारखेच ऐकू येतात. इंग्रजी शाळेत शिकलेली पोरं तर एकोणनव्वद ऐकलं की नव्वदच्या पुढचं काहीतरी समजतात. लाजू नका, "आठ-नऊ ना?" असं एकेक अंक सांगून विचारा. आम्ही काउंटरवाले आपसात हेच करतो.

दुसरी, पैसे. "नव्वद पाच" म्हणजे ९०.०५ की ९०.५०? दोन्ही अर्थ निघतात. दोन हजार डॉलरला फरक पडतो ९०० रुपयांचा. "नव्वद रुपये पाच पैसे" असं पूर्ण म्हणा, किंवा आपली जुनी मापं वापरा, ती यासाठी झकास आहेत. सव्वानव्वद ९०.२५, साडेनव्वद ९०.५०, पावणेनव्वद ८९.७५. पावणेनव्वद नव्वदच्या आतला आहे, हे घरातल्या तरुण मंडळींना एकदा समजावून ठेवा. तीच गोष्ट मोठ्या रकमांची. पाऊणशे ७५, सव्वाशे १२५, पावणेदोनशे १७५, अडीचशे २५०. पाऊण लाख ७५,०००, सव्वा लाख १,२५,०००. एका काकूंनी "पावणेदोन लाखांचे युरो" सांगितले आणि सोबतच्या भाच्यानं फॉर्मवर २,७५,००० लिहिले. सही करायच्या आधी काकूंनीच पकडलं, भाच्यानं नाही.

तिसरी, किती नोटांमागे रेट आहे ते. जपानी येनचा रेट बऱ्याचदा १०० येनला सांगतात. रुपिया आणि व्हिएतनामी डोंगचा तर हजाराला किंवा त्याहून मोठ्या गठ्ठ्याला. "एकाला की शंभराला?" हा प्रश्न न लाजता विचारायचा. डोंगमध्ये शून्यं इतकी असतात की तिथे प्रत्येकजण लखपती. पाच लाखांची आणि वीस हजारांची, दोन्ही नोटा निळसर आहेत. हॉटेलच्या अंधाऱ्या उजेडात एकीच्या जागी दुसरी गेली की पंचवीसपट गेली.

आणि परदेशातल्या नातेवाइकानं मिलियन म्हटलं की दहा लाख, बिलियन म्हटलं की शंभर कोटी. त्यांचा स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतो. फीच्या पत्रात १००,००० दिसलं तर ते एक लाखच आहे, दहा हजार नाही. जर्मनीकडच्या कागदांवर तर टिंब आणि स्वल्पविराम उलटे असतात: १.२५०,५० म्हणजे साडेबाराशे युरो आणि वर ५० सेंट.

तपासा: रेट ऐकला, लगेच लिहिला, लिहिलेला परत वाचून दाखवला. यातली एक पायरी गाळली तरी भांडण तुमच्याच वाट्याला.

## टप्पा ४. कागद आधी, गाडीला किल्ली नंतर

चलन घ्यायला जाताना मूळ पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि व्हिसा लागत असेल तर व्हिसा. तिथे गेल्यावर ए-टू नावाचा फॉर्म भरून सही करायची. त्यात 'प्रयोजन' विचारतात: पर्यटन, शिक्षण, वैद्यकीय, व्यवसाय. "फिरायला" म्हणालात तर मी पर्यटन लिहिते. पण मुलाची फी भरायची असताना "जर्मनीला जायचंय" एवढंच सांगितलंत तर खाना चुकीचा भरला जातो आणि पुढे कराचा हिशोब बिघडतो. प्रयोजन म्हणजे तुम्ही कुठे चाललात ते नाही, पैसा कशासाठी चालला ते.

मर्यादा थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत पाठवणी योजनेत एका माणसाला एप्रिल ते मार्च या वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत मुभा आहे. लहान मुलंही मोजली जातात, सही पालकांची. त्यातल्या रोख नोटा बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरइतक्याच, बाकीचे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकीय चलन भरून घेतलेल्या कार्डावर. आणि तुम्ही आम्हाला देणार ते रुपये ५०,००० च्या आत असतील तरच रोख चालतात, त्यापुढे खात्यातून.

मोडायला येणाऱ्यांसाठी उलट नियम आहे आणि तो कुणालाच माहीत नसतो: भारतात राहणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंतच्याच मोबदल्याचे रुपये रोख मिळतात. वरचे चेकनं किंवा खात्यात. आमच्या पिंपळगावच्या काकांकडे बाराशे डॉलर होते आणि खात्याचा नंबर घरी, कपाटातल्या पासबुकात. रेटवरून चढलेला पारा जेमतेम उतरला होता, तो परत चढला.

काउंटर कुठला? बँक किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला मनी चेंजर. परवाना आणि रेटचा तक्ता समोर दिसायला हवा. "माझ्या ओळखीचा एकजण देतो, पावती नाही पण रेट भारी" हे कॉलेज रोडवर चहा पिताना फार ऐकू येतं. फेमा म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात अशा व्यवहाराला रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि नोट खोटी निघाली तर तक्रार कुणाकडे करणार?

जाता जाता. नोटा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये छापतात म्हणून तिथे काही बदलून मिळेल, असं विचारणारे अजून भेटतात. प्रेस छापते, बदलून देत नाही. तुमच्या हातातलं पासपोर्टचं पुस्तकही शेजारच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून आलेलं, पण नाव दुरुस्तीला तिथे जाऊन उपयोग नाही, तसंच.

## टप्पा ५. तीन ठिकाणी फोन, एकच प्रश्न

मोबाइलवर शोधल्यावर दिसतो तो डॉलरचा रेट बाजाराचा मधला रेट. त्या रेटनं तुम्हाला कुणीही नोटा देणार नाही. तो मोजपट्टी म्हणून ठेवा. शिवाय नोटांचा रेट, कार्डाचा रेट आणि बँकेतून परदेशी खात्यात पाठवण्याचा म्हणजे टीटीचा रेट, हे तीन वेगळे. नोटांचा बहुधा सगळ्यात महाग, कारण नोटा आणाव्या लागतात, सांभाळाव्या लागतात. एका ठिकाणचा नोटांचा आणि दुसऱ्याचा कार्डाचा रेट ताडून "तुम्ही महाग आहात" म्हणणारे रोज येतात.

"रेट काय?" हा अर्धाच प्रश्न आहे. पूर्ण प्रश्न असा: "दोन हजार दिरहम, नोटा, आज. सगळं धरून माझे किती रुपये जाणार?" मोडायचं असेल तर: "सगळं कापून माझ्या हातात किती पडणार?"

का, ते एका हिशोबात बघा. डॉलर ९० असेल तर दिरहमचा मधला रेट काढता येतो, कारण दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे. ९० भागिले ३.६७२५, म्हणजे जवळपास साडेचोवीस रुपये. दोन हजार दिरहमचे झाले ४९,०१३.

पहिलं दुकान म्हणतं २५.१०, वर काही नाही. २,००० गुणिले २५.१० म्हणजे ५०,२००. त्यावर जीएसटी. तो पूर्ण रकमेवर नसतो, हे ऐकून निम्म्या लोकांचा जीव भांड्यात पडतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का ही सेवेची किंमत धरतात, कमीत कमी २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे ५०२ वर १८ टक्के, ९० रुपये. एकूण ५०,२९०.

दुसरं दुकान म्हणतं २४.८५. स्वस्त! २,००० गुणिले २४.८५ म्हणजे ४९,७००. जीएसटी ८९. मग पावतीवर खाली बारीक अक्षरात सेवाशुल्क ६०० आणि त्यावर १८ टक्के, ७०८ रुपये. एकूण ५०,४९७. स्वस्त रेटवाला २०७ रुपयांनी महाग पडला.

आता या आकड्यांत आणखी एक खाच आहे. दोन्ही दुकानांत एकूण रक्कम ५०,००० च्या वर गेली, तिथे रोख चालणार नाही. घरून गड्डी घेऊन आलात तर परत जा. म्हणूनच एकूण आकडा फोनवरच विचारायचा.

फोनवर आणखी दोन गोष्टी. "शिल्लक आहेत का?" नाशिकमध्ये डॉलर, युरो, दिरहम सहसा मिळतात, बाकी चलनं मुंबईहून मागवावी लागली तर एक-दोन दिवस जातात. आणि "हा रेट किती वेळ धरून ठेवाल?" शनिवार-रविवारी चलनाचा घाऊक बाजार बंद असतो, त्यामुळे त्या दिवशीच्या रेटमध्ये दुकानदार सोमवारची भीती मिसळून ठेवतो. मंगळवार-बुधवार बरे. विमानतळावर घेऊ, असं म्हणणाऱ्यांनी रात्री दोनला कसारा घाट उतरून तिथला रेट बघावा, मग आमची आठवण येईल.

सावध: परदेशी विद्यापीठाची फी टीटीनं पाठवताना मधल्या बँकेचा चार्ज कोण भरणार, हे फॉर्मवर निवडायचं असतं. 'ओयूआर' म्हणजे सगळा तुम्ही, 'एसएचए' म्हणजे वाटून. वाटून निवडलंत तर तिकडे फी थोडी कमी पोचते आणि मग वीस-पंचवीस युरोंसाठी प्रवेशाचं पत्र अडतं. फीसाठी पहिलाच पर्याय घ्या.

परदेशी पैसे पाठवताना टीसीएस नावाची, म्हणजे आगाऊ कराची, कपात होऊ शकते. १ एप्रिल २०२५ पासून एका वर्षातल्या पहिल्या १० लाख रुपयांच्या पाठवणीवर ती होत नाही. टूर कंपनीचं पॅकेज घेतलंत तर त्याचा हिशोब वेगळा, तो कंपनीला विचारा. कापलं गेलं तरी ते पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरताना वळते होतात. 'टॅक्स' आणि 'चार्ज' हे शब्द एकत्र मिसळून भांडू नका. चार्ज गेला तो गेला.

## टप्पा ६. काउंटरवर, काचेच्या अलीकडे

इथे घाई करू नका. मागे रांग असली तरी नाही.

आधी सांगा, बंद्या किती आणि सुट्ट्या किती. नुसतं "दोन हजार द्या" म्हणालात तर मी मोठ्या नोटा देईन, कारण त्या मोजायला सोप्या. दुबईच्या टॅक्सीत पाचशेची दिरहम नोट काढलीत की चालकाचा चेहरा आपल्या सीबीएस बसस्थानकावरच्या रिक्षावाल्यासारखाच होतो. पाच-पाच, दहा-दहाच्या थोड्या मागून घ्या. अमेरिकेसाठी वीसच्या नोटा जास्त, शंभरच्या कमी.

मग नोटा काचेसमोरच, स्वतःच्या बोटांनी मोजा. मशीननं मोजल्या असल्या तरी. मोजताना प्रत्येक नोट बघा: पेनाची खूण, शिक्का, कोपरा फाटलेला, चिकटपट्टी. असल्या नोटा बाहेरचे दुकानदार नाकारतात. "ही बदलून द्या" म्हणायला संकोच कसला? दार ओलांडल्यावर मात्र आम्ही ऐकणार नाही. उद्धटपणा नव्हे, संध्याकाळी आमची पेटी जुळावी लागते.

तुम्ही नोटा द्यायला आला असाल तर हेच आम्ही करतो, तेव्हा रागावू नका. आत्यानं लंडनहून आणलेल्या जुन्या कागदी वीस आणि पन्नास पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर तिथे व्यवहारात चालत नाहीत, आता प्लास्टिकच्याच. त्या बँक ऑफ इंग्लंड बदलून देते, आम्ही नाही. जुन्या लहान चेहऱ्याच्या डॉलर नोटा अमेरिकेत अजून कायदेशीर आहेत, पण इथे पुढे खपवायला त्रास होतो म्हणून काही काउंटर त्यावर बट्टा कापतात. किती, ते आधी विचारा.

शेवटी पावती. घेतलंत तर कॅश मेमो, मोडलंत तर एन्कॅशमेंट सर्टिफिकेट. नाव, पासपोर्ट नंबर, चलनाची तीन अक्षरं, रक्कम, रेट, जीएसटी, इतकं वाचा. "पावती नको" म्हणणाऱ्यांना मी तरीही देते.

## टप्पा ७. तिकडे गेल्यावर

थोडक्यात आटोपते, कारण चूक एकच आहे. दुकानातलं मशीन विचारतं: रुपयात भरणार की दिरहममध्ये? आपला रुपया दिसला की बोट आपोआप तिकडे जातं. नाही. तिथलंच चलन निवडा. रुपये निवडलेत तर रेट तिथला दुकानदार आणि त्याची बँक ठरवते, आणि तो तुमच्या सोयीचा नसतो.

इथल्या बँकेच्या साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर परदेशात मार्कअप म्हणजे वरचा आकार लागतो, बऱ्याचदा दोन ते साडेतीन टक्के आणि वर जीएसटी. फॉरेक्स कार्डात भरलेल्या चलनातच खर्च केला तर तो वाचतो. डॉलर भरून दिरहममध्ये खर्च केलात तर 'क्रॉस करन्सी' चार्ज बसतो. आणि निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. २०२० पासून नवी कार्डं त्याच्यासाठी बंद ठेवूनच येतात. माझा सख्खा भाऊ सिंगापूरच्या हॉटेलात उभा राहून मला रात्री एकला फोन करत होता, माहेरी ही गोष्ट अजून निघते.

## टप्पा ८. परत आल्यावर

उरलेल्या नोटा कपाटात ठेवून विसरू नका. परतल्यापासून १८० दिवसांत त्या मोडाव्या लागतात. स्वतःजवळ २,००० डॉलरइतक्या ठेवता येतात, पुढच्या प्रवासासाठी. त्याच काउंटरवर जुनी पावती घेऊन या. काही ठिकाणी आपल्याच गिऱ्हाइकाला मोडताना चार पैसे बरे मिळतात. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. "तुमच्याकडूनच नेले होते, काही वाढवा" एवढंच म्हणा.

परतताना १०,००० डॉलरच्या वर चलन असेल, किंवा नुसत्या नोटाच ५,००० डॉलरच्या वर असतील, तर मुंबई विमानतळावर कस्टम्सला जाहीर करून तो फॉर्म जपून ठेवा. तो नसेल तर इथे मोडताना अडचण येते.

आपल्या रुपयाच्या फाटक्या नोटा घेऊनही लोक आमच्याकडे येतात. ते काम आमचं नाही, कुठल्याही बँकेच्या शाखेचं. पन्नास आणि त्यावरची नोट ऐंशी टक्क्यांहून जास्त शाबूत असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशीच्या मध्ये असेल तर अर्धे. २,००० च्या नोटा मात्र बँक घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांतच, आपल्याला जवळ मुंबई नाहीतर बेलापूर, किंवा टपालानं पाठवायच्या.

राहता राहिली परदेशी चिल्लर. ती कुठलाच काउंटर घेत नाही, म्हणून परतीच्या विमानतळावर चहा-पाण्यात संपवा. संपली नाही तर बसते घरात. आमच्याकडे बोर्नव्हिटाच्या डब्यात आहे, आणि पाहुण्यांची पोरं आली की व्यापार खेळायला तीच निघते.